निवायच्या आधी

माझ्या डाव्या छातीवर अर्ध्या करंगळीएवढा एक व्रण आहे. आता तो मलाही शोधावा लागतो. पण एके काळी तो बघायला माणसं घरी आली होती. सायकलरिक्षा करून, आधी निरोप धाडून, दुपारच्या चहाच्या वेळेला. आईने बेसनाचे लाडू केले होते.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. संताप एवढा होता की सांगायला बसले असते तर भांडणच झालं असतं, आणि ज्यांच्याशी भांडायचं ती माणसं एकेक करून निघून गेली. आता माझ्या भावाच्या मुलीची अशीच साधी गाठ काढली. तिने फोनवर मला विचारलं, "आत्या, ते परत पहिल्यासारखं कधी दिसतं गं?" भाजीत मीठ किती घालू विचारावं तसं विचारलं. मी म्हटलं, वर्ष जाऊ दे. ती म्हणाली, तुला कसं माहीत? मी विषय बदलला. फोन ठेवल्यावर मात्र मी लिहायलाच बसले.

आम्ही जबलपूरचे. दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीच्या इस्टेटीत दोन खोल्या आणि पुढे व्हरांडा असलेलं क्वार्टर होतं. बाबा फॅक्टरीत एक्झामिनर होते. मशीनवरून उतरलेला लोखंडाचा तुकडा, तिथे सगळे त्याला जॉब म्हणायचे, तो बाबांच्या टेबलावर यायचा. बाबा त्याला मापाचा गेज लावायचे, कडेवरून बोट फिरवायचे, आणि बरोबर असेल तर आपल्या नंबराचा शिक्का ठोकायचे. नसेल तर त्यावर लाल रंगाचा एक फराटा. बाबांचा शिक्का असला की पुढे कोणी त्या जॉबकडे वाकड्या नजरेने बघत नसे, आणि या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता.

त्यांचा एक नियम होता. गरम जॉब मोजायचा नाही. लोखंड तापलेलं असलं की फुगतं, माप खोटं येतं. निवू द्यायचं, मग गेज लावायचा. बांगलादेशच्या लढाईच्या वर्षी फॅक्टरीत रात्रंदिवस काम चाललं होतं, वरचे साहेब डोक्यावर उभे राहून घाई करायचे, तरी बाबा म्हणे टेबलावर हात ठेवून गप्प बसायचे. घरातसुद्धा हेच. शेजारणीशी भांडून आई फणफणत आली की बाबा चहाचा कप पुढे करत म्हणायचे, "निवू दे. गरम जॉब मोजत नाहीत." आम्ही भावंडं त्यांच्या आवाजाची नक्कल करायचो आणि तेही हसायचे.

त्या वर्षीच वैशाखात माझा साखरपुडा झाला होता. मुलगा सिविल लाइंसमधल्या एका सरकारी कचेरीत क्लार्क होता. वडील नव्हते. घरात आई आणि तिची मोठी बहीण, आणि चालायचं त्या मोठ्या बहिणीचं, म्हणजे मुलाच्या मावशीचं. लग्न माघात करायचं ठरलं होतं. मी त्याच्याशी दोनदा बोलले होते, दोन्ही वेळा हवापाण्याबद्दल. तो मला आवडला होता, हे खोटं कशाला बोलू.

पावसाळ्याच्या शेवटी आंघोळ करताना मला गाठ लागली. चिंचोक्याहून मोठी, बोटाखालून सटकणारी, दुखत नसलेली. बरेच दिवस मी कोणाला बोलले नाही, कारण बोलायचं कुठल्या शब्दात हेच कळेना. आमच्या घरात शरीराच्या त्या भागाला नावच नव्हतं. शेवटी आईला म्हटलं, "इथं काहीतरी आहे." आईने बघितलं, हात लावला. मग तिच्या तोंडून पहिलं वाक्य आलं, "कोणाला बोलू नको हं, बाई." दुसरं वाक्य डॉक्टरांबद्दलचं होतं, हे खरं, पण ते दुसरं होतं.

हॉस्पिटलात एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी दोन बोटांनी गाठ इकडून तिकडे सरकवली आणि म्हणाल्या, "ये तो भागती फिरती है. ऐसी गाँठ से डरते नहीं, बेटी." तरी काढून तपासायला पाठवणं बरं, असं त्यांचं मत पडलं. दसरा झाल्यावर ऑपरेशन झालं. तपासणीत गाठ साधीच निघाली. आईने देवापुढे साखर ठेवली आणि मला वाटलं, चला, संपलं.

पण गाठ गेल्यावरच खरं सुरू झालं. पहिले काही दिवस छाती घट्ट बांधलेली. हात वर केला की आतून कोणी दोरी ओढतंय असं व्हायचं, म्हणून वेणी आई घालायची. बादली उचलायची नाही, जात्याला हात लावायचा नाही, रात्रीसुद्धा आतली घट्ट चोळी, बॉडी, घालून झोपायचं. आईने मांजरपाटाच्या दोन शिवून दिल्या. टाके निघाले त्या दिवशी मी बाबांचा दाढीचा आरसा खिळ्यावरून काढला आणि न्हाणीघरात नेला. घरात तेवढाच आरसा होता. त्यात एका वेळी एकच गाल मावायचा, तसं मी स्वतःला तुकड्या तुकड्यात बघितलं. डावी बाजू सुजून उजवीपेक्षा मोठी झालेली, वर निळं, कडेला हिरवंपिवळं, आणि मधून लाल मुंग्यांची रांग जावी तसा व्रण. मी आरसा उलटा करून ठेवला.

सूज उतरली तेव्हा आणखी वाईट झालं. जिथून गाठ काढली तिथे खड्डा पडला. टोक जरासं त्या बाजूला ओढलं गेलं. व्रणाखाली दोरखंड असावा तसं टणक लागायचं आणि त्याच्या कडेला एक जागा अशी की चिमटा काढला तरी कळू नये. मी दाखवायला गेले तेव्हा रडायलाच लागले. डॉक्टरीणबाईंनी माझं रडणं होऊ दिलं. मग आईकडे बघून म्हणाल्या, "साल भर इसका हिसाब मत करना. पहले सूजेगा, फिर बैठेगा, फिर धीरे-धीरे भरेगा. अभी तो ये सबसे खराब दिखेगा. और हाँ, आगे बच्चे को दूध भी पिलाएगी, लिख लो." आईने घरी येऊन हे सगळं बाबांना पदराआडून, घुटमळत सांगितलं. बाबा मान डोलवत म्हणाले, "बरोबर बोलल्या. निवू द्यायचं." त्या शब्दांनी मला किती बरं वाटलं होतं! बाबांच्या राज्यात मी सुरक्षित आहे असं वाटलं होतं.

पुढच्याच सुट्टीच्या दिवशी बाबा सायकल काढून सिविल लाइंसला गेले आणि मुलाकडच्यांना ऑपरेशनचं सांगून आले. आईला न विचारता. आल्यावर व्हरांड्यात बूट काढता काढता म्हणाले, "सांगितलं. लपवून काय करायचं? उद्या कोणाकडून कळलं असतं तर?"

"मग काय म्हणाले?" आईने विचारलं.

"काही नाही. मावशीबाई म्हणाल्या, आम्हाला तसं काही नाही. फक्त एकदा बघून घेतलं म्हणजे मनात किंतू राहत नाही."

"काय बघून घेतलं?"

बाबा बुटाची नाडी सोडवत राहिले.

आई क्वचितच आवाज चढवायची. त्या दिवशी चढवला. "असं कुठं असतं का? पोरगी आहे ती! आपण हो काहून म्हटलं?"

"हे बघ, बायकाच येऊन राहिल्या आहेत. पुरुष बाहेर बसतील," बाबा म्हणाले. "लपवलं की संशय वाढतो. एकदा डोळ्यांनी बघून पास केलं की जन्मभर कोणी बोट दाखवणार नाही. मी हे काम इतकी वर्षं करून राहिलो, मला माहीत नाही का?"

मी आतल्या दारात उभी होते. मला कोणीच काही विचारलं नाही. जॉबला कोण विचारतं?

ते लोक आले त्या दिवशी लढाई सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. इस्टेटीत ब्लॅकआउटचा हुकूम होता. खिडक्यांच्या काचांना आम्ही खळीने काळा कागद चिकटवला होता आणि बल्बभोवती त्याच कागदाची नळी बांधली होती. त्यामुळे भर दुपारीही आतल्या खोलीत संध्याकाळ असायची. बाहेरच्या खोलीत बाबा आणि तो मुलगा बसले. बाबांनी रेडिओ लावला. मावशीबाई, मुलाची आई, माझी आई आणि मी आत गेलो आणि आईने दाराला कडी घातली.

"इथं तर काहीच दिसून नाही राहिलं," मावशीबाई म्हणाल्या. "जरा उजेड करा ना, जी."

आईने स्टुलावर चढून बल्बभोवतीचा कागद काढला. दिवा लावला. मावशीबाईंनी पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. मुलाची आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभी राहिली. तिला तेवढी तरी लाज होती, की तो निव्वळ भित्रेपणा होता, मला आजही ठरवता येत नाही. मी ब्लाउजचे हूक काढले. आईने शिवलेली बॉडी मीच सोडली, कारण आईचे हात चालेनात.

त्या क्षणी मला ते स्थळ राहावं की जावं याचं काहीच वाटत नव्हतं. मी एकाच गोष्टीची वाट बघत होते. बाहेरच्या खोलीत बाबा आहेत, मध्ये एक लाकडी दार आहे, आणि आता ते उठतील, दारावर थाप मारतील आणि म्हणतील, "बस झालं. नाही." माझा त्यांच्यावर एवढा विश्वास होता. गरम जॉब ते साहेबालाही मोजू देत नसत.

"हात वर कर. अजून. आता दोन्ही," मावशीबाई म्हणाल्या. मी केले. आतली दोरी ओढली गेली. "आता वाक जरा. अच्छा. सरळ हो." मग त्यांनी बोट लावलं. थंडीचे दिवस होते, बोट गार होतं. त्यांनी ते व्रणावरून फिरवलं, खड्ड्यात थांबवलं, जरा दाबलं. बाबा कडेवरून बोट फिरवायचे तसंच. "टणक आहे," त्या आईला म्हणाल्या, मला नाही.

"डॉक्टर बोलल्या की भरून येईल," आई म्हणाली. "वर्षभर लागतं म्हणे."

"डॉक्टर काय, बोलूनच राहतात. अन् दूध?"

"येईल म्हणाल्या."

"हूं."

बाहेर रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. किती विमानं पाडली ते सांगत होते. बाबा त्या मुलाला मोठ्या आवाजात म्हणत होते, "आमच्या फॅक्टरीचा माल आहे, भैया, एकही फुकट जाणार नाही." दारावर थाप पडली नाही. मावशीबाईंनी चष्मा काढून पुसला. मी हूक लावले, एक चुकून वरच्या घरात गेला आणि तो तसाच राहिला. मग सगळे बाहेर आले आणि लाडू खाल्ले. मावशीबाईंनी आईला विचारलं, बेसन कुठून आणता? ओमतीहून, आई म्हणाली. तो मुलगा माझ्याकडे बघत नव्हता. आत काय चाललं होतं हे त्याला माहीत होतं, त्याने ते चालू दिलं होतं आणि आता तो दुसरा लाडू घेत होता.

ते गेल्यावर बाबांनी हात चोळत विचारलं, "कसं झालं?" आई स्वयंपाकघरात निघून गेली. मी लाडवांच्या बशा गोळा करायला लागले. ते म्हणाले, "पास होणार तू, बघ. मला खात्री आहे." त्यांचा चेहरा अगदी मोकळा होता. त्यांनी काही वाईट केलंय अशी शंकासुद्धा त्यावर नव्हती. त्याचाच राग मला सगळ्यात जास्त आला.

उत्तर एका ओळखीच्या बाईबरोबर आलं. लढाईचे दिवस आहेत, मुलाचं सध्या लग्नाचं मन नाही. लढाई दोन आठवड्यांत संपली. त्याचं मन वैशाखापर्यंत परत आलं आणि लग्नही झालं, दुसऱ्या मुलीशी.

मधे संक्रांत आली. मराठी बायकांचं हळदीकुंकू म्हणजे आमच्याकडे सगळ्या शहरातल्या मराठी घरांचं बातमीपत्रच. ज्यांनी मला लहानपणी बोरं खायला घातली त्या बायका आता आईला हळद लावायच्या, मला तिळगूळ द्यायच्या, "बस ना गं" म्हणायच्या, आणि म्हणता म्हणता नजर खाली घसरायची, डावीकडे, मग घाईने वर. कोणी उजवीकडे बघितलं तर मला हसू यायचं. गाठ साधी होती हे कोणाला ऐकायचंच नव्हतं. "तिला ते आहे" एवढंच पुरे होतं. मी पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायला लागले. आईने डाव्या बाजूला लावायला कापसाची एक गादी शिवली. ती घामाने सरकायची आणि मग मला भर वर्गात फळ्याकडे तोंड करून ती सारखी करावी लागायची, कारण तोवर मी एका शाळेत शिकवायला लागले होते.

आणि मग, कोणी बघत नसताना, ते भरून आलं. डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या अगदी त्या क्रमाने. आधी टणकपणा मऊ झाला. लाल रेघ गुलाबी झाली, मग पांढरी. खड्डा हळूहळू उथळ होत गेला आणि एका दिवशी मला तो सापडलाच नाही. पुढच्या दसऱ्याच्या सुमारास आई मला शिकेकाईने न्हाऊ घालत होती. तिचा तांब्या मधेच थांबला. "अगं," ती म्हणाली, "काहीच नाही राहिलं की!" आणि तिथेच, ओल्या फरशीवर बसून रडली. मी रडले नाही. मी आतून धुमसत होते. एक वर्ष! फक्त एक वर्ष थांबायचं होतं सगळ्यांनी.

आईने अर्थातच बाबांना सांगितलं. तेव्हा मझौलीकडच्या एका मराठी घराचं स्थळ चालून आलं होतं. शेतीवाडी होती, मुलगा शिक्षक होता. पण जबलपूरची बातमी तिथेही पोचली होती आणि त्यांनी आडून आडून विचारलं होतं. रविवारची सकाळ होती. बाबा व्हरांड्यात चहा घेत होते, मी वह्या तपासत होते. बाबा खुशीत म्हणाले, "मी त्यांना बोलावतो. आता येऊ दे कोणीही. त्यांच्या बायकांना बघून घेऊ दे. आता काही भीतीच नाही, कोणताही गेज लावा!"

मी लाल पेन खाली ठेवलं. "बाबा," मी म्हटलं, "गरम जॉब मोजत नाहीत ना?"

ते हसले. त्यांना वाटलं, मी नेहमीसारखी नक्कल करते आहे. मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि हसू हळूहळू गेलं.

"त्यांना घाई होती," ते म्हणाले.

"त्यांना होती. एक्झामिनर तुम्ही होता."

आई दारात आली आणि तशीच आत वळली. बाबा उठले, कप आत नेऊन ठेवला, शर्ट घातला आणि बस स्टँडकडे गेले. संध्याकाळी परत आले ते चपला न काढताच खुर्चीवर बसले. आईने मला नंतर सांगितलं. मझौलीला जाऊन त्यांनी त्या लोकांना सांगितलं होतं, माझी मुलगी कोणाला बघायला मिळणार नाही, पाहिजे असेल तर अशीच करा. तिथल्या ओसरीवर उभं राहून, मोठ्याने. त्या लोकांनी पाणीसुद्धा न विचारता त्यांना वाटेला लावलं. पुन्हा माझ्यासाठी त्यांनी स्थळ बघितलं नाही आणि मीही बघू दिलं नसतं. माझं लग्न झालं नाही म्हणून मी कडवट झाले असं आमच्या लोकांत बोलतात. बोलू देत.

भाचीला मी उद्या फोन करणार आहे. वर्षभर कोणाला हिशेब करू देऊ नकोस, स्वतःलासुद्धा, एवढं सांगेन. बाकीचं सांगणार नाही. तिचा बाप, माझा भाऊ, त्याला बाबा फार थोर वाटतात, आणि मझौलीची गोष्ट तो अभिमानाने सांगतो. खरीच असेल ती. बाबांनी माझ्यासाठी एकदा नाही म्हटलं, हे मला ऐकून माहीत आहे. त्या खोलीत हात वर करून उभी होते तेव्हा मात्र दारापलीकडून मला रेडिओच ऐकू येत होता.